जुन्या नावावरचं कनेक्शन

२ जानेवारी, गुरुवार

फुकटचं इंटरनेट मला आज सहाशे नव्वद रुपयांना पडलं. हिशोब असा: राउटरचा जळका अॅडाप्टर बदलला त्याचे अडीचशे, गच्चीवरून नवी वायर ओढली तिचे दोनशे, केबलवाला हबीब रोहिणखेडहून आला-गेला त्याच्या पेट्रोलचे शंभर, आणि उरलेले एकशे चाळीस चहा, खारी आणि "काका, आता आलोच हाय तं" यात गेले. तरी मी खूश आहे. नवं कनेक्शन घेतलं असतं तर याच्या तिप्पट गेले असते.

धामणगाव बढ्यात आज सामान उतरलं. दोन खोल्या, वर गच्ची, मागे निंबाचं झाड. पुढच्या खोलीत माझी हत्यारं, आतल्या खोलीत खाट, एक टेबल, एक वेताची खुर्ची आणि कोनाड्यात राउटर. टेबल-खुर्ची आधीच्या भाडेकरूची, नारायणरावांची. रिटायर मास्तर होते. दिवाळीच्या आधी वारले. इंटरनेटचे वर्षाचे पैसे आगाऊ भरून गेले, त्यातले सात महिने शिल्लक आहेत.

घरमालकीण जनकाबाई शेजारीच राहतात. त्यांचं म्हणणं, भरलेले पैसे काऊन वाया जाऊ द्यायचे? मी विचारलं, नाव बदलावं लागेल ना? तर बाई हसल्या. म्हणाल्या, लाइटचं मीटर माह्या सासऱ्याच्या नावावर हाय, सासरा जाऊन तीस वर्षं झाले, बल्ब काही विचारत नाही कोणाचा हाय म्हणून. हबीबनेही मान डोलावली. नाव बदलायला मुलाची सही लागते आणि मुलगा परदेशात. फक्त कधी तक्रार केली आणि पलीकडून नाव विचारलं तर म्हणायचं, हो, मी नारायणराव बोलतोय. बस. इकडे सगळ्यांचं असंच चालतं. मलाही यात वावगं काही दिसलं नाही. बापाच्या नावावरच्या रेशनकार्डावर मी स्वतः वीस वर्षं साखर आणली आहे.

मी इथे का आलो हे लिहून ठेवतो. मोताळा तालुक्यातल्या सौर पंपांची देखभाल मला मिळाली आहे. चौदाव्या वर्षी चिखलीला रेडिओच्या दुकानात झाडू मारायला लागलो होतो. आज छप्पन्नाव्या वर्षी कंपनी मला धम्मरत्न सर म्हणते. शाळा आठवी. बाकीचं सगळं कानांनी शिकलो. बांधावर उभा राहून सांगतो की पन्नास फूट खालच्या मोटरचं बेअरिंग किती दिवस काढेल. लोक पैज लावतात आणि हरतात. माझ्या कानावरून काही निसटत नाही, हे मी बढाई म्हणून नाही, धंदा म्हणून सांगतो.

मोबाइल मी साधाच ठेवतो, बटनांचा. भारी फोन दोनदा विहिरीत पडले. पण कंपनीच्या रिपोर्टांसाठी लॅपटॉप घेतला आणि त्याचा खरा उपयोग वेगळाच निघाला. समीक्षा, माझी एकुलती एक, जर्मनीत नर्स आहे. रविवारी आणि बुधवारी दुपारी दोनला ती लॅपटॉपवर दिसते. तिला दिवस गेलेत. अजून दोन-तीन महिने असावेत.

५ जानेवारी, रविवार

लॅपटॉप रुसला.

वायफाय दिसतं, पासवर्ड घेतो, जोडलं म्हणतो आणि खाली बारीक अक्षरात लिहितो की इंटरनेट नाही. दीड वाजता अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून बसलो होतो. दोनला तिचा कॉल यायचा. मी माझ्या पद्धतीने गेलो: अर्धं अर्धं तोडायचं आणि दोष कुठल्या अर्ध्यात आहे ते बघायचं. राउटर बंद करून दहा मोजले, चालू केला. वायर काढून फुंकली, पुन्हा घातली. लॅपटॉपमधून वायफाय विसरायला लावलं आणि पुन्हा ओळख करून दिली. लॅपटॉप थेट वायरीने राउटरला जोडला. काही नाही.

मग कंपनीच्या तक्रारीच्या नंबरला फोन लावला. घरात मोबाइलला रेंज नाही. गच्चीवर टाकीजवळ एक काडी येते. एका मुलीने नाव विचारलं. मी म्हणालो, हो, मी नारायणराव बोलतोय. थोडं हसूही आलं. तिने तीनदा खात्री केली, तीनदा मी नारायणराव झालो. ती म्हणाली, तुमची लाइन एकाच मशीनला बांधलेली आहे, ते जुनं मशीन आधी बंद करा. मी म्हणालो, जुनं मशीन इथे नाही. ती म्हणाली, सर, आम्हाला तर ते चालू दिसतंय. मी म्हणालो, तुमचा स्क्रीन जुना असेल. मग तिने माझ्या लॅपटॉपचा नंबर घेतला आणि जुन्याच्या जागी तो बांधला. म्हणाली, आता आमच्याकडे हा लॅपटॉप नारायणरावांचा. मी म्हणालो, हरकत नाही.

तीन वाजून गेले होते. समीक्षाची वेळ गेली. संध्याकाळी एकट्याने भाकरी टाकली, एक जास्तीची झाली.

८ जानेवारी, बुधवार

अजून नाही. पण दोष कुठे आहे याचा माग लागला.

राउटरचं स्वतःचं एक पान असतं, ते इंटरनेट नसतानाही उघडतं. त्यावर या क्षणी कोणकोण जोडलेलं आहे त्याची यादी दिसते. राउटर प्रत्येक मशीनला एक पत्ता देतो, घर नंबरासारखा. यादीत दोन नावं होती. दोन्ही 'धम्मरत्न'. हे नाव मीच लॅपटॉप घेतला तेव्हा घातलं होतं. नंबर तोच, पत्ता तोच. एकापुढे 'चालू'. दुसऱ्यापुढे 'पत्ता आधीच वापरात'. दुसरा म्हणजे मी.

लॅपटॉप पूर्ण बंद केला. आता राउटरला जोडलेलं घरात काहीच नव्हतं. तरी कोनाड्यातला हिरवा दिवा भराभर लुकलुकत होता.

आणखी एक. राउटरमधून माल वाहायला लागला की आतल्या गुंडाळीतून एक फार बारीक शीळ येते. साध्या माणसाला ऐकू येत नाही. आज ती दोनला सुरू झाली आणि तीनला दहा कमी असताना थांबली. मी खाटेवर बसून ऐकली. लॅपटॉप मांडीवर बंद होता, गार होता.

९ जानेवारी, गुरुवार

शिवारात असताना समीक्षाचा फोन आला. आधीच सांगितलं, थोडकं बोल, मोटर उघडून बसलोय. ती म्हणाली, थोडकंच. काल फार बरं वाटलं बाबा. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तुम्ही मध्ये बोलला नाहीत.

मला वाटलं टोमणा आहे. काल मी दिसलो नाही म्हणून मारलेला. पोरगी आईवर गेली आहे, रेणुकाचे टोमणे असेच तूप लावून यायचे. मी हसलो, म्हणालो, हो ना, तोंडाला कुलूप होतं. तीही हसली. म्हणाली, स्वेटर अंगावर सैल होतोय, जेवता का नीट?

फोन ठेवल्यावर आठवलं. स्वेटर मी या थंडीत एकदाही घातलेला नाही. माझ्याकडे स्वेटरच नाही.

१२ जानेवारी, रविवार

हबीबला सकाळीच बोलावलं. त्याने नवा राउटर आणला, नवा पासवर्ड घातला. केबलवाल्याच्या वेगळ्या परवानगीने त्याचा मोबाइल झटक्यात लागला, त्यावर त्याने मला क्रिकेटसुद्धा दाखवलं. माझा लॅपटॉप मात्र तिथेच. तो म्हणाला, काका, वायर बराबर, राउटर बराबर, तुमचा लॅपटॉपच तुमच्यावर नाराज हाय, काही बोलले का त्याले?

हसलो. मग यादी दाखवली. नव्या राउटरच्या यादीतही दोन धम्मरत्न. हबीबचं हसू जरा आखडलं. त्याने चहा मागितला. हा माणूस स्वतःहून चहा मागत नाही, समोर येईपर्यंत नुसता 'राहू द्या' म्हणतो.

चहा पिता पिता बोलला. नारायणराव गुरुजी रोज दुपारी दोनला याच टेबलाशी बसायचे. अंघोळ करून, केस विंचरून, राखाडी स्वेटर घालून, लॅपटॉप उघडून. मुलगा फोन करणार म्हणून. दोन वर्षं. मुलाचा एकही आला नाही. दर आठवड्याला हबीबला बोलवायचे, की लाइन खराब आहे, पोराचा कॉल पोचत नाही. हबीब यायचा. लाइन दर वेळी ठणठणीत असायची. आता हे त्या माणसाले कसं सांगाचं, काका? म्हणून तो एक वायर काढायचा, पुन्हा घालायचा आणि म्हणायचा, झालं गुरुजी, आता येईन. गुरुजी दर वेळी दहाची नोट काढायचे. ती त्याने कधी घेतली नाही, हे त्याने मला दोनदा सांगितलं.

शेवटीही तोच आला होता. जनकाबाईंनी बोलावलं, की गुरुजी आवाज देऊन नाही राह्यले. खुर्चीत बसले होते. लॅपटॉपचा पडदा चालू होता. लाइन ठणठणीत.

मी विचारलं, त्यांचा लॅपटॉप? शाळेला दिला, म्हणाला. मुलगा आला नाही.

हबीब दीडला गेला. थांब म्हणालो, थांबला नाही.

दोनला शीळ सुरू झाली. मी पुढच्या खोलीत येऊन बसलो, मधलं दार ओढून घेतलं. लॅपटॉप माझ्यासमोर, बंद. आतून कोणी बोललं नाही. फक्त वेताची खुर्ची कुरकुरली, माणूस ऐकताना पुढे झुकतो तशी. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा एकदा.

ऐकण्याला आवाज नसतो असं मला वाटायचं. असतो.

१५ जानेवारी, बुधवार

आज मी हुशारी केली. अॅडाप्टर काढला, राउटर काढला, दोन्ही पिशवीत घातले आणि बरोबर घेऊन पंपावर गेलो. लॅपटॉपही. घरात आता नुसती भिंतीतून लोंबणारी वायर. मोटर उघडली, काम केलं. दोन वाजले. पिशवीला कान लावला. गप्प. शेतकरी बघून हसला, म्हणाला, काय सर, थैलीचंही बेअरिंग गेलं का? मीही हसलो. दहा दिवसांत पहिल्यांदा मोकळा हसलो.

तीनला मोबाइलवर मेसेज आला. समीक्षाचा.

"बाबा, आज आईबद्दल बोललात. मला वाटायचं तुम्हाला आठवतच नाही. थँक्यू."

घरी आल्यावर जनकाबाई ओट्यावर तूर पाखडत होत्या. म्हणाल्या, पोरीसंगं बोलता तं बरं वाटते, भित्तीतून आवाज येते, घर जितं वाटते. आजही लय वेळ बोलले.

मी म्हणालो नाही की मी घरी नव्हतो. माझ्या हातात पिशवी होती. त्यांना दिसत होती.

मी समीक्षाशी रेणुकाबद्दल कधीच बोललो नाही, हे खरं आहे. काय बोलायचं? फोनवर बोलायचं काम रेणुकाचंच असायचं. पोरीशी तासभर बोलून झालं की मला दोन वाक्यांत सांगायची, जेवली, ठीक आहे. मी मान हलवायचो. रेणुका गेल्यावर दोन वाक्यंच मला पुरायची. समीक्षा तिसरं सुरू करायची तेव्हा माझा काही ना काही पंप बिघडलेला असायचा.

आणि इथे एक माणूस इस्त्री करून दोन वर्षं बसला होता.

१६ जानेवारी, गुरुवार

स्टँडवर गेलो. तिथे रेंज भरपूर. मीच फोन लावला, पैशांचा विचार केला नाही. सांगितलं, बेटा, लॅपटॉपवर जो दिसतो तो मी नाही.

ती अनोळखी माणसाशी बोलतात तसं बोलली. म्हणाली, बाबांनी काल रात्री लॅपटॉपवरून लिहून कळवलं होतं. की त्यांचा मोबाइल चोरीला गेलाय. की कोणीतरी त्यांच्या आवाजात फोन करेल. आजकाल आवाजाची नक्कल सहज करतात, असं.

मी म्हणालो, अगं मी. धम्मरत्न. तुझा बाप.

ती म्हणाली, माझे बाबा इतकं घाबरत नाहीत.

१७ जानेवारी, शुक्रवार

लॅपटॉप घेऊन मोताळ्याला, कंपनीच्या ऑफिसात. त्यांच्या इंटरनेटवर लगेच लागला. तिला कॉल लावायचा, चेहरा दाखवायचा, ऑफिसातल्या दोन माणसांना शेजारी बसवायचं. मग तिला पटेल.

आधी कॅमेरा उघडून पाहिला.

पडद्यावर ऑफिस नव्हतं. मी नव्हतो. माझी आतली खोली. कोनाडा. टेबल. वेताच्या खुर्चीच्या पाठीवर राखाडी स्वेटर, घडी न केलेला. दोनला अजून वेळ होता म्हणून कोणी बसलं नव्हतं—

झाकण लावलं. ऑफिसातल्या माणसाने विचारलं, काय झालं सर? म्हणालो, नेट स्लो आहे.

१८ जानेवारी, शनिवार

खोली सोडतो म्हणालो. जनकाबाई म्हणाल्या, काऊन? पोरीले काय सांगसान?

खरंच. मी गेलो तरी कॉल येणारच. दोनला. तो उचलणारच. तो चुकणार नाही.

आतल्या खोलीत पाऊल ठेवत नाही. पुढे हत्यारांत झोपतो. सकाळी खुर्ची पाहिली, दारातूनच. टेबलाजवळ सरकवलेली. वेत मधोमध नवीन खचलेला, माझ्या वजनाएवढा—

तक्रारीचा नंबर लावला. म्हणालो, मी नारायणराव नाही, कनेक्शन बंद करा. मुलगी म्हणाली, सॉरी सर, ज्यांच्या नावावर आहे त्यांनीच सांगावं लागतं.

१९ जानेवारी, रविवार

पावणेदोन. स्टँड. तिने उचलला.

मी काही समजावलं नाही. म्हणालो, मला काहीही विचार, जे फक्त बापालाच माहीत असेल.

श्वास ऐकू येत होता. तिचा, दम लागल्यासारखा. पोट वर आलं की असा लागतो. रेणुकाला लागायचा. हे मी आज ऐकलं.

म्हणाली, एकच विचारते. डॉक्टरांनी दिलेली माझी तारीख सांगा. दोनदा सांगितली आहे मी तुम्हाला. एकदा दिवाळीत, एकदा तुम्ही सामान बांधत होतात तेव्हा.

म्हणालो, मार्च.

म्हणाली, तारीख.

मलकापूर गाडी मागे येत होती. म्हणालो, थांब, गाडी जाऊ दे. ती थांबली. गाडी गेली. धूळ बसली. ती अजून थांबलेली होती—

ठेवला तिने.

दोन वाजून वीस. घराच्या पायरीवर बसून लिहितो. कुलूप मी लावलं तसंच. किल्ली खिशात. लॅपटॉप पिशवीत, राउटर पिशवीत, पिशवी मांडीवर.

आत बोलणं चालू आहे. ती रडते आहे. सांगते आहे, तो माणूस पुन्हा आला होता फोनवर, अगदी तुमच्यासारखा बोलत होता. आत बसलेला तो मध्ये बोलत नाही. रडू देतो. खुर्ची पुढे झुकते.

मग माझा आवाज. माझाच. खोकलासुद्धा. मी इतक्या हळू कधी बोललो नाही.

ती विचारते, बाबा, तुम्हाला लक्षात आहे ना?

तो म्हणतो, अगं, अकरा. अकरा मार्च, मंगळवार.

लिहून घेतलं. अकरा मार्च. मंगळवार. मला हे आत्ता पहिल्यांदा—